बोटांचा रकाना

आमच्या अंगणात एक भांडे आहे. ते रिकामे असले तरी रोज सकाळी साडेआठला उघडून पाहावे लागते आणि रिकामे असल्याची नोंद करावी लागते. सिमेंटच्या लहानशा ओट्यात निम्मे रोवलेले, तोंडाला पितळी कडे असलेले ते पर्जन्यमापक आहे. ते आमच्या घरी कसे आले आणि त्याच्या बाबतीत माझ्या हातून कोणती चूक झाली, एवढेच मला सांगायचे आहे. लिहिण्याची मला सवय नाही. बीडला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आकृती काढताना वर्गाकडे पाठ करता येते, म्हणूनच ती नोकरी मला झेपली असावी. साठीला आल्यावर प्रथमच स्वतःचे काही लिहीत आहे; तेव्हा वाक्ये कुठे अवघडली तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. घाटनांदूरच्या अलीकडे असलेल्या आमच्या खेड्यात ते प्राथमिक शिक्षक होते. गाव त्यांना गुरुजी म्हणे. मी सातवीत असताना तालुक्याच्या कचेरीतले पर्जन्यमापक बदलले आणि जुने मोडीत निघाले. दादांनी रीतसर अर्ज करून ते मागून घेतले आणि एस.टी.त मांडीवर ठेवून घरी आणले. सोबत काचेचे उभे मोजपात्र होते. त्यावर मिलिमीटरच्या बारीक रेघा होत्या. ते त्यांनी धोतराच्या घडीत गुंडाळले होते. दुसऱ्या दिवशी तुळशीपासून तीन पावलांवर ओटा बांधला. सिमेंट वाळले की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी त्याच्या कडेवर चार बोटे टेकवली. ते वाळलेले नव्हते. बोटांचे चार खळगे ओट्यावर कायमचे राहिले. थोडासा जरी पाऊस झाला तरी त्यांत पाणी साचते आणि चिमण्या ते पिऊन जातात.

ही नोंद ठेवायला दादांना कोणी सांगितले नव्हते. ती कुठे पाठवायचीही नव्हती. दरवर्षी एक लांबट वही, तिच्यात आखलेले तीन रकाने: तारीख, पाऊस आणि ओल. पहिले दोन कोणालाही समजतील. तिसरा रकाना बोटांचा होता. आमच्याकडे पाऊस झाला की माणूस रानात जाऊन माती उकरतो, कोरडी माती लागेपर्यंत बोटे आडवी लावत जातो आणि गावात येऊन सांगतो, चार बोटे ओल आहे, किंवा वीतभर गेली आहे. दादाही भांडे मोजून झाले की परसात जात, बसून माती उकरत, आणि हात न धुताच येऊन लिहीत: ‘ओल तीन बोटे’. भुरभुर झाली असेल तर ‘वरवर’. कोरडे असेल तर पावसाच्या रकान्यात ‘निरंक’ आणि ओलीच्या रकान्यात आडवी रेघ. मोजलेले पाणी ते फेकत नसत, तुळशीला घालत.

मी कॉलेजात विज्ञान शिकू लागले, तेव्हा या तिसऱ्या रकान्याची मला लाज वाटू लागली. एकदा सुट्टीत मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले, “दादा, मिलिमीटरशेजारी बोटं कशाला? प्रत्येकाची बोटं वेगळी असतात. हे काही माप नव्हे.”

दादांनी वहीतून मान वर केली नाही. “प्रत्येकाची वेगळी असतील. पण रोज माझीच आहेत ना?”

माझे मत मात्र बदलले नाही.

पुढे कधीतरी शाळेच्या वाचनालयात मला एक गोष्ट सापडली. पाच-सहाशे वर्षांपूर्वी कोरियाच्या एका राजपुत्राला दुष्काळाची काळजी लागली होती. पाऊस झाला की तो जमीन खणून ओल किती खोल गेली ते पाही. पण माती आधीच ओली असेल, कुठे घट्ट असेल, कुठे भुसभुशीत. त्यावरून पाऊस नेमका कळेना. मग त्याने तांब्याचे भांडे ओतवून घेतले, राजवाड्यात ठेवले आणि त्यात साचलेले पाणी तो मोजू लागला. पुढे तशी भांडी राज्यभर गेली, असे सांगतात. आमच्या पाठ्यपुस्तकांत हा राजपुत्र कुठेच नव्हता. दिवाळीला गावी गेल्यावर मी ही गोष्ट दादांना सांगितली.

“म्हणजे त्यानंही आधी मातीतच हात घातला की,” दादा खुलून म्हणाले. मग त्यांनी विचारले, “भांडं आल्यावर माती उकरायची सोडली का त्यानं?”

“तसं काही लिहिलेलं नाही.”

“सोडली नसंल,” दादा म्हणाले.

गावाला या कारभाराची गंमत वाटे. आमच्या शेजारी एक काका राहतात. दसऱ्यानंतर ते आणि काकू ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतत. घरी असले की सकाळी मिश्री लावत भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ठरलेला: “गुरुजी, आज देवानं किती मिलिमीटर ठिवलं?”

“निरंक.”

“मंग रिकामं भांडं मोजाया एवढी शाळा शिकलाव व्हय?” आणि सोबतचा कोणी हसला की लगेच त्याच्यावर उलटत, “तू कावून हसतो बे? तुला रिकामं बी मोजता येईना.” तेच काका कारखान्याच्या भागातून, उसाच्या फडातून फोन करत: “गुरुजी, गावाकडं अवकाळी झाला म्हन्त्यात. खरं का?” दादा वही उघडून आकडा सांगत, मग बोटे सांगत. काकांना आकड्याशी देणे-घेणे नसे. बोटे ऐकली की त्यांना आपली दोन एकरांची पट्टी डोळ्यांपुढे दिसत असावी.

दादा जाऊन आता तीन वर्षे होतील. शेवटची नोंद त्यांनी जाण्याच्या आठवडाभर आधी केली. त्यानंतर काही महिन्यांनी मी निवृत्त झाले आणि आईजवळ राहायला आले. आईने ऐंशी ओलांडली आहे. डोळे अधू झाले आहेत, पण तुळशीचे पाणी ती स्वतःच घालते. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोजपात्र पुसून माझ्या हातात दिले. “साडेआठ वाजलेत माय,” एवढेच म्हणाली. तेव्हापासून मोजण्याचे काम माझ्याकडे आले. बोटांचा रकाना मात्र मी आखला नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी एके काळची विद्यार्थिनी घरी आली. ती आता एका कृषी महाविद्यालयात पावसाच्या जुन्या नोंदींवर काम करते. कचेऱ्यांमधल्या नोंदी तिच्याकडे होत्याच. पण लोकांनी हौसेने घरी ठेवलेल्या नोंदी ती शोधत होती. अशा नोंदी मिळाल्या, तपासणीत टिकल्या, तर त्या जिल्ह्याच्या पावसाच्या इतिहासात कायमच्या समाविष्ट होणार होत्या. दादांच्या चाळीसहून अधिक वह्या मी तिच्यापुढे मांडल्या, तेव्हा तिने हात जोडले. “मॅडम, एकाच माणसानं, एकाच जागी, एकाच भांड्यानं इतकी वर्षं? असं मिळत नाही कुठं.”

यंत्र कोणी शोधले याच्या गोष्टी पुस्तकांत असतात. आम्ही शिक्षक त्या सांगतो आणि मुले पाठ करतात. ते यंत्र रोज सकाळी उघडून पाहणाऱ्याची गोष्ट नसते. दादांची होईल असे मला त्या दिवशी वाटले. आई भिंतीला टेकून ऐकत होती. पाहुणी गेल्यावर तिने विचारले, “घेतल्या व्हय गं वह्या त्यांनी?”

“आधी सगळं संगणकावर उतरवून द्यायचंय. मग तपासतील. मग घेतील.”

“लवकर उतरव. माझ्या डोळ्याला दिसतंय तंवर व्हऊ दे.”

दोन महिने मी रोज दुपारी वह्या उतरवत होते. तारीख आणि पाऊस, आणि वर्षाच्या शेवटी दादांनी केलेली बेरीज. तिसरा रकाना मी घेतला नाही. आपल्याच विद्यार्थिनीपुढे ‘ओल तीन बोटे’ असे पाठवण्याचा मला संकोच वाटला. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा स्वतःशीही कबूल केले नव्हते. जागा वाचते, एवढेच कारण मी स्वतःला दिले होते.

श्रावणात तिचा फोन आला. ती बराच वेळ माझ्या तब्येतीची चौकशी करत राहिली, त्यावरूनच काहीतरी बिनसल्याचे मी ओळखले.

“मॅडम, राग मानू नका. बेरजा जुळत नाहीत.”

“माझी उतरवताना चूक झाली असेल.”

“मला पण तसंच वाटलं. पण बहुतेक वर्षी चुकतात, आणि दादांची बेरीज दर वेळी कमीच भरते. दुसरं असं, की पावसाच्या मोठ्या खंडात, आजूबाजूच्या एकाही केंद्रावर थेंब नसताना, तुमच्याकडं मध्येच एक दिवस आठ मिलिमीटर दिसतो. आठ, सव्वाआठ, साडेआठ. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. आमच्याकडं याला...” ती थांबली.

“बोल.”

“घरी बसून आकडे भरल्यासारखं दिसतं, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही मॅडम. पण पुढच्या पंधरवड्यात यादी पक्की होईल. त्याआधी काही कारण सापडलं तर सांगा. नाहीतर या वह्या मला बाजूला ठेवाव्या लागतील.”

ज्या माणसाने आम्हा भावंडांना पावकी-निमकी पाठ म्हणायला लावली, त्याची बेरीज चुकते, हे मला पटेना. पण दोन दिवस लावून मी पडताळले. उतरवण्यात माझी चूक नव्हती. म्हणजे एक तर दादांना बेरीज येत नव्हती, किंवा कधीमधी भांडे न उघडताच त्यांनी आकडा टाकला होता. पहिले अशक्य होते. दुसरे मनात आले तेव्हा मी वही मिटून ठेवली आणि पुन्हा उघडली नाही. आईला काही सांगितले नाही. ती रोज विचारी, “आला का फोन?” आणि मी म्हणे, “तपासताहेत.”

पाऊसही तेव्हा थांबला होता. वीस-बावीस दिवस झाले, आभाळ भरून येई आणि तसेच बालाघाटावरून पुढे निघून जाई. सोयाबीनने माना टाकल्या होत्या. मी रोज साडेआठला भांडे उघडी, निरंक लिही, आणि दिवसभर गप्प राही. जेवतानाही बोलणे होत नसे. आई ताटावरून माझ्याकडे पाहत असे. तिला माझा चेहरा दिसत नसावा असे मी समजत होते.

एका सकाळी भांडे उघडले तर आत पाणी. मोजपात्रात ओतले: आठ पूर्णांक दोन. मला इतका आनंद झाला की मी मागचापुढचा विचारच केला नाही. आमच्याकडचा पाऊस तसाही लहरी. बांधाच्या अलीकडे पडेल आणि पलीकडे धूळ उडत राहील. पहाटे एखादी सर येऊन गेली असेल. काका भिंतीशी होते. त्यांना मी आपण होऊन आकडा सांगितला. हे मी एरवी कधी केले नसते.

काका मिश्रीचे बोट तसेच धरून माझ्याकडे बघत राहिले. “आठ मिलिमीटर? ताई, मी पहाटपासून हितंच बसलोय. अंगाव थेंब न्हाई. देवानं निस्तं तुमच्या भांड्यात नेम धरून टाकलं म्हना की.”

ते हसत घरात गेले. मी अंगणाकडे पाहिले. धूळ कोरडी होती. पत्र्याची पन्हाळ कोरडी होती. ओट्यावरच्या बोटांच्या चार खळग्यांतही पाणी नव्हते. फक्त तुळशीपासून ओट्यापर्यंत धुळीत एक माळ होती, थेंबांची, तीन पावले लांब. माळेच्या दुसऱ्या टोकाला, तुळशीपाशी, आई पदराने तांब्याचा लहान गडू पुसत उभी होती.

“आई, हे तू केलंस?”

“काय?”

“भांड्यात पाणी तू घातलंस?”

आईने गडू तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. “तू लई दिस गप हायस माय. रोज उठायचं, भांडं काढायचं, अन् ते रिकामंच. म्हनलं आज येवढं तरी दिसू दे तुला.”

मग जे मनात आले ते विचारायला धीर गोळा करावा लागला. “दादा असतानाही घालायचीस?”

आई ओट्यावर हात टेकून सावकाश खाली बसली. “तवा तू शिकायला बीडला व्हतीस. लई वाईट साल. टँकरचं पानी यायचं, घागरीला घागर लागायची. तुझे दादा रोज भांडं उघडायचे अन् गप बसायचे. जेवताना बी गप. शाळंत जाऊन बी गपच राहत व्हते म्हने. मला बघवंना. एक दिस तुळशीला घालायचं पानी त्यात वतलं. त्यांनी उघडलं, मोजलं, परसात गेले, आले, वहीत लिवलं. अन् चहा मागितला.”

“हसले?”

“थोडंसं. मला वाटलं, फसले.” आईच्या तोंडावर त्या वेळचे समाधान अजून होते. “मंग सारखं न्हाई केलं. लई दिस कोरडे गेले की एकदा. अन् पानी वाया न्हाई गेलं बरं का. मोजून झालं की ते तुळशीलाच वतायचे.”

माझा चेहरा पाहून, किंवा मी बोलत नाही हे ऐकून, तिला काहीतरी जाणवले. “कावून गं? काई चुकलं का?”

मी तिला फोनबद्दल सांगितले. जमेल तितके मऊ करून सांगितले, पण सांगितले. आई ओट्याच्या कडेवर बोटे फिरवत ऐकत राहिली.

“म्हंजी माझ्यामुळं गुरुजी खोटे ठरले.”

“तसं नाही आई.”

“तसंच की. दुसरं काय?”

त्या दिवशी ती जेवली नाही. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी तिच्या शेजारी वह्या घेऊन बसले. आता निदान कारण कळले होते, पण उपयोग काय? आईने कोणत्या दिवशी पाणी घातले हे तिला आठवणे शक्य नव्हते. खरे दिवस आणि आईचे दिवस एकमेकांत मिसळून गेले होते, आणि आता दादाच ते वेगळे करू शकले असते. काहीतरी करायचे म्हणून मी गडू नेहमीसारखा गळ्यापर्यंत भरला आणि मोजपात्रात ओतला. आठ पूर्णांक तीन. गडूत पाणी जरा कमी-जास्त घेतले तर आठ ते साडेआठ. मग फोनवर ऐकल्याप्रमाणे कोरड्या दिवसांत मध्येच आठ मिलिमीटर दिसणाऱ्या तारखांची यादी काढली आणि पहिल्या तारखेची मूळ वही उघडली. संगणकावरची नोंद नव्हे, दादांच्या हाताची.

त्या दिवशीच्या ओळीत लिहिले होते: पाऊस ८.२. आणि पुढे, मी दोन महिने ज्याच्याकडे पाहायचे टाळले होते त्या रकान्यात: ‘ओल नाही’.

मी दुसरी तारीख काढली. ‘ओल नाही’. तिसरी. ‘ओल नाही’. आठ मिलिमीटर पाऊस पडून मातीत एक बोटही ओल जात नाही, असे आमच्या काळ्या रानात होत नाही. एखाद-दोन मिलिमीटरच्या भुरभुरीलासुद्धा दादा ‘वरवर’ लिहीत. ‘ओल नाही’ हे शब्द त्या दिवसांशिवाय साऱ्या वह्यांत कुठेच नव्हते. मी एका वर्षाची बेरीज ते दिवस वगळून पुन्हा केली. दादांच्या बेरजेशी ती दशांशापर्यंत जुळली. पुढच्या वर्षाची केली. तीही जुळली.

भांड्यात जे होते ते त्यांनी लिहिले होते, कारण भांड्यात ते होते. मातीत जे नव्हते तेही लिहिले होते. आणि वर्षाचा पाऊस मोजताना आईचे पाणी बाजूला काढून ठेवले होते. चाळीस वर्षे, तिला एक शब्द न बोलता. चूक एकच झाली होती, आणि ती माझी होती. पावसाच्या नोंदीतला खरे-खोटे सांगणारा एकमेव रकाना मी लाजेपोटी गाळला होता.

“आई, ऊठ,” मी म्हणाले. “दादांना माहीत होतं.”

“काय माहीत व्हतं?”

मी तिला सगळ्या तारखा वाचून दाखवल्या. दर तारखेला ‘ओल नाही’ म्हणत गेले. आधी ती आडवी पडून ऐकत होती, मग उठून बसली, मग तिने माझ्या हातातली वही घेऊन डोळ्यांजवळ नेली, जणू तिला अक्षर दिसणार होते.

“परसात जायचे,” ती हळूच म्हणाली. “पानी मोजून परसात जायचे अन् माती उकरायचे. माझ्या ध्यानातच न्हाई आलं.” मग एकदम चिडून, “मंग मला अडवलं कावून न्हाई? येवढी वर्सं! टँकरचं पानी वतत व्हते मी त्यात!”

मग उत्तर तिलाच सापडले असावे, कारण ती पदर तोंडाला लावून हसू लागली, आणि त्या हसण्यातच डोळे पुसू लागली. “अन् वर चहा मागायचे,” ती म्हणाली.

संध्याकाळी मी विद्यार्थिनीला फोन केला. काय गाळले आणि का गाळले, ते तिला सांगितले. शिक्षिकेने विद्यार्थिनीला असे सांगणे सोपे नव्हते; पण ती पलीकडे इतकी शांत होती की मला शेवटपर्यंत बोलता आले. चौथ्या दिवशी ती स्वतः आली. आईने तिला चहा दिला आणि पुढ्यात बसून विचारले, “पोरी, मला काई शिक्षा हाय का?”

“आहे आजी. तो गडू मला दाखवा.”

तिने गडूतले पाणी मोजले. यादीतली प्रत्येक तारीख मूळ वहीशी पडताळली, सर्व वर्षांच्या बेरजा पुन्हा केल्या. दुपारचे तीन वाजले. शेवटची वही मिटून ती म्हणाली, “मॅडम, वह्या घेते मी. सगळ्या. आणि बोटांचा रकाना आधी घेते. इतक्या वर्षांची मातीची ओल माझ्याकडं दुसऱ्या कोणाचीच नाही.” मग वह्यांचा गठ्ठा सारखा करत, “फक्त एक अडचण आहे. एक बोट म्हणजे किती, हे आता कसं कळणार?”

मीच एकदा दादांना हा प्रश्न विचारला होता.

“त्यात काय अवघड हाय?” आई म्हणाली आणि काठी घेऊन बाहेर निघाली. आम्ही मागोमाग गेलो. ती ओट्याशी वाकली आणि तिने पर्जन्यमापकाशेजारचे चार खळगे तळहाताने पुसून काढले. “ही काय त्यांची बोटं. घे मोजून.”

विद्यार्थिनीने पिशवीतून पट्टी काढली, गुडघ्यावर बसली आणि खळग्यांची रुंदी एकेक करून लिहून घेतली. तिचे झाल्यावर आईने आपली चार बोटे त्यांत ठेवून पाहिली. ती सैल बसली. तिने ती बराच वेळ काढली नाहीत.

निघताना आईने तिला विचारले, “माझा पाऊस काढून टाकला म्हन की तू.”

“टाकला नाही आजी. वेगळा ठेवला. दादांनी ठेवला होता तसाच.”

ती गेल्यावर मला राहवेना. मी आईच्या दिवसांची बेरीज केली. दर वर्षी दोन-तीन गडू, चाळीस वर्षे. एका बऱ्या सालाचा पाऊस भरला. आईला तसे सांगितले.

“आख्ख्या एका वरसाचा?” ती विचार करत म्हणाली. “मंग काई कमी न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी साडेआठला भांडे उघडले. ते रिकामे होते. मग परसात जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा बोटांनी माती उकरली. चार बोटांखालीही ती कोरडी होती. नखांत माती तशीच ठेवून मी वहीत तिसरा रकाना आखला.

तुळशीपाशी आई गडू घेऊन उभी होती. “किती?” तिने विचारले.

“निरंक.”

“मंग घालू का आज?”

“घाल. पण मी बेरजेत धरणार नाही.”

“नगं धरू,” आई म्हणाली. “पर लिव.”